फळ न धरणारी केळ



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय 2, श्लोक 47. जोडीला अध्याय 9, श्लोक 26.

पहिला श्लोक इथे लिहून काढत नाही. तो पाठ नाही असा मराठी माणूस शोधावा लागेल. अर्थ साध्या बोलीत असा : कर्म करण्यापुरताच तुझा अधिकार. फळावर तुझा अधिकार नाही. फळ मिळावं या हेतूने कर्म करू नकोस. आणि फळ नाही म्हणून कर्म सोडून बसण्याची आवडही धरू नकोस. लोकमान्यांनी गीतारहस्यात या चार चरणांना कर्मयोगाची चतुःसूत्री म्हटलं आहे. आपण मात्र बहुतेक वेळा पहिले दोन चरण म्हणतो आणि थांबतो. चौथा चरण भिंतीवरच्या कॅलेंडरवर सुद्धा क्वचित सापडतो. आज मला त्याच्याविषयी बोलायचं आहे.

प्रश्न असा. परीक्षेचा अभ्यास करताना, शेतात पेरणी करताना 'फळाची आशा नको' असं म्हणणं तसं सोपं असतं, कारण आत कुठेतरी फळाची खात्री असते. पण ज्या कामाला फळ येणारच नाही हे जवळजवळ नक्की दिसतंय, ते काम वर्षानुवर्षं मनापासून करत राहणं याला काय म्हणायचं? निष्काम कर्म की निव्वळ मोह?

हा प्रश्न माझ्यापुढे ग्रंथातून आला नाही, एका केळीमुळे आला. म्हणून आधी केळीविषयी थोडं.

आमच्या अंबाजोगाईच्या घरी परसात न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली केळ आहे. कोणी लावली ते आईलाही आठवत नाही. सत्यनारायणाला खांब तिथलेच, नैवेद्याला पान तिथलंच. आपल्या बीड जिल्ह्यात घरच्या केळीचा खरा वैरी थंडी नाही, उन्हाळा आहे. 2016 च्या दुष्काळात, म्हणजे शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं त्या वर्षी, आमच्या केळीला भांडी धुतलेलं पाणी तेवढं मिळायचं. पानं करपली, खोड वाकलं. पण जमिनीतला कंद जगला आणि पहिल्या पावसानंतर कोंब वर आला. त्या वर्षी घड आला नाही. 'घड का नाही' असं कोणी विचारलंही नाही. झाड जगलं यातच सगळे खूश होते.

2017 मध्ये नोकरीच्या निमित्ताने आम्ही दोघं शिकागोच्या जवळ राहायला गेलो आणि तिथे सहा हिवाळे काढले. पहिल्याच वर्षी एका तेलुगू शेजारणीने बायकोला कुंडीत लावलेला केळीचा मुनवा दिला. तिथल्या भारतीय दुकानात केळीची पानं मिळतात, पण गोठवलेली. उलगडायला गेलं की चिरतात. गणपतीला घरचं ताजं पान असावं एवढीच बायकोची इच्छा. पण केळ ही उष्ण प्रदेशातली. पारा साधारण 15 अंशांच्या खाली गेला की तिची वाढ थांबते. 10 च्या खाली पानं पिवळी पडू लागतात. शून्याला पानं काळी पडून लोंबतात. आपल्याकडे जळगावच्या केळीवाल्यांना हे चांगलं माहीत आहे. डिसेंबर-जानेवारीत रावेर, यावलकडे पारा उतरला की ते रात्री बागेला पाणी देतात, बांधावर धूर करतात, कडेने शेवरी किंवा गजराज गवताचा आडोसा करतात, घडांना पिशव्या घालतात. एवढं करूनही निसवण लांबते. आणि तिथला पारा उतरून उतरून किती उतरणार! शिकागोत 30 जानेवारी 2019 ला तो उणे 30 अंशांच्या पलीकडे गेला होता.

तिथे केळ जगवायची तर हिवाळ्यात घरात घ्यावी लागते. त्याच्या दोन रीती आहेत. एक म्हणजे सप्टेंबरच्या शेवटी रात्री 10 अंशांवर येऊ लागल्या की कुंडी आत आणायची. पानं दोन्ही बाजूंनी धुऊन घ्यायची, कारण हीटरच्या कोरड्या हवेत लाल कोळी फार लवकर पसरतो. दक्षिणेच्या खिडकीशी ठेवायची. खत बंद. माती बोटाच्या दोन पेरांपर्यंत कोरडी झाली तरच पाणी. दुसरी रीत म्हणजे तिला झोपवायचं. पहिल्या दहिवराने पानं काळवंडली की ती कापायची, केळ मुळासकट उपटायची, माती झाडायची, चार-सहा दिवस उलटी टांगून पोटऱ्यांतलं पाणी निथळू द्यायचं आणि तळघरात थंड, अंधाऱ्या जागी कागदात गुंडाळून ठेवायची. महिन्यातून एकदा कंद दाबून पाहायचा, मऊ पडला नाही ना एवढंच बघायचं. मे महिन्यात पुन्हा मातीत.

दोन्ही रीतींत एक गोष्ट सारखी आहे. हिवाळ्यात केळ मरते ती थंडीपेक्षा जास्त वेळा पाण्याने मरते. माणसाला राहवत नाही. पान सुकलं की पाणी घालतो, अजून सुकलं की अजून घालतो. वाढ थांबलेली असते, मुळं पाणी पीत नाहीत, आणि कंद कुजतो. तिला त्या चार महिन्यांत जे हवं असतं ते म्हणजे थोडा उजेड, थोडी ऊब आणि आपला आवरलेला हात. चौथ्या अध्यायात कर्मात अकर्म आणि अकर्मात कर्म पाहणाऱ्याला शहाणा म्हटलं आहे. टीकाकारांनी त्याचे फार खोल अर्थ सांगितले आहेत. माझ्या बुद्धीला त्याचा एक छोटा अर्थ तळघरात कळला. पाण्याची झारी हातात असून न घालणं, हेही काम आहे, आणि ते घालण्यापेक्षा अवघड आहे.

आता फळाचा हिशेब. धंदा सॉफ्टवेअरचा, त्यामुळे हिशेब मांडल्याशिवाय चैन पडत नाही. केळीचं जे खोड आपण म्हणतो ते खरं खोड नाहीच. पानांचे देठ एकात एक गुंडाळून झालेला तो खांब आहे. खरं खोड म्हणजे जमिनीतला कंद. त्या कंदावरचा वाढीचा कोंब एकामागून एक पानं वर ढकलतो. साधारण तीस-चाळीस पानं झाली की मगच तो फुलाकडे वळतो आणि केळफूल खांबातून वर येतं. उन्हाळ्यात शिकागोला आठ-दहा दिवसांनी एक पोंगा उलगडतो. बाहेरचे दिवस साडेचार महिने, म्हणजे फार तर सोळा-सतरा पानं. थंडीत खांब जगला तर मोजणी पुढे चालू. खांब कुजून नुसता कंद उरला तर मोजणी पुन्हा शून्यावर. आमची केळ दोनदा शून्यावर आली. वहीत मांडून पाहिलं तेव्हा स्पष्ट झालं की त्या हवेत, त्या घरात, घड येण्याची शक्यता नसल्यातच जमा.

आई दर रविवारी फोनवर विचारायची, "केळ निसवली का रे?" आणि मी म्हणायचो, "नाही गं. पण पान छान आलंय."

इथे मूळ प्रश्न उभा राहतो. हिशेब कळल्यावरही पुढचे तीन हिवाळे आम्ही ती केळ आत-बाहेर करत राहिलो. तो मोह होता का?

माझ्या मते मोह आणि कर्म यांत फरक करायला एक साधी कसोटी आहे. हे जे मी करतोय ते समोरच्याच्या गरजेकडे पाहून करतोय की माझ्या मनाच्या समाधानाकडे पाहून? हिवाळ्यात केळीला भरपूर पाणी घालणारा माणूस प्रेमळ दिसतो, पण तो केळीकडे पाहतच नाही. तो स्वतःच्या हुरहुरीला पाणी घालत असतो. उलट जो तिची पानं कापून तिला अंधारात ठेवतो तो निष्ठुर दिसतो, पण त्याची नजर कंदावर असते. मोहाला आपलं करणं दिसत राहतं. कर्म करणाऱ्याला कामाची गरज दिसते.

दुसरी कसोटी त्याहून कडक आहे. 'मला फळाची आशा नाही' हे म्हणणं फार सोयीचं असतं. कोल्ह्याला न मिळालेली द्राक्षं आंबट असतात तसं हरलेल्याला फळ नकोसं असतं. मग निष्काम कोण आणि हरलेला कोण, हे ओळखायचं कसं? विनोबांनी 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती लिहून घेतली. त्यांत विनोबांचं सांगणं असं आहे की फळ सोडणाऱ्याचं काम फळ धरणाऱ्यापेक्षा जास्त चांगलं झालं पाहिजे, कारण फळ धरणाऱ्याचं निम्मं चित्त फळाच्या स्वप्नात गुंतलेलं असतं, आणि सोडणाऱ्याचं सगळं चित्त कामात असतं. म्हणजे कसोटी कामातच आहे. फळाची आशा सोडली आणि कंदही कुजू दिला, तर तो निष्काम नाही, आळशी. आशा सोडली आणि तरी महिन्याच्या महिन्याला तळघरात जाऊन कंद दाबून पाहिला, तर चौथा चरण पाळला.

याचं उदाहरण लांब शोधायला नको. आमच्या अंबाजोगाईत दासोपंतांनी गीतेवर सव्वा लाख ओव्यांचा म्हणून ओळखला जाणारा गीतार्णव लिहिला. गीतेचे श्लोक सातशे. आज तो ग्रंथ पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणारे किती असतील? बोटांवर मोजण्याइतके. वाचकांच्या आकड्याला फळ म्हणायचं असेल तर एवढ्या मोठ्या झाडाला अगदी थोडं फळ लागलं. पण दासोपंतांची सेवा कमी पडली असं म्हणायला कोणाची जीभ धजेल?

आता जे लिहिणार आहे ते बायकोला विचारून लिहितोय. ती म्हणाली, "लिही. पण रडगाणं नको."

आम्हाला मूल नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली. उपचार दोघांचेही झाले, इथे आणि तिथेही. नंतर आम्ही थांबलो. त्याचं दुःख आमच्या घरात आहे, पण ते आमच्या घरापुरतं आहे आणि त्याच्यासोबत राहायला आम्ही शिकलोय. त्रास होतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. एका डोहाळजेवणाला ओटी भरायला एकेका सवाष्णीला हाक मारली गेली, आणि ही हळदी-कुंकवाच्या ताटाशेजारी बसून राहिली. कोणी काही बोललं नाही. हाक फक्त आली नाही. ओटीच्या ताटात नारळ होता, तांदूळ होते, केळी होती.

मराठीत फळ न धरणाऱ्या झाडाला एक शब्द आहे, वांझ. तोच शब्द बाईलाही लावतात, पुरुषाला लावत नाहीत. शब्द एकच असल्यामुळे विचारही तोच येतो : फळ नाही तर झाडाला पाणी कशाला. रोज सकाळी गीता वाचणाऱ्या घरांतही हा विचार पाटावर बसलेला असतो. म्हणजे दुसऱ्या अध्यायात फळावर अधिकार नाही असं म्हणायचं, आणि आरती संपली की माणसाची किंमत फळावरून करायची. मला हा नुसता रूढीचा दोष वाटत नाही. ही त्या श्लोकाची अवज्ञा आहे. जे फळ कोणाच्याही अधिकारात नाही असं भगवंत सांगतात, त्याच्या नावाने एखाद्या बाईला ओळीतून उठवायचा किंवा ओळीत बोलवायचं टाळायचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

आणि गंमत बघा. ज्या केळीला आपण वंशवृद्धीचं चिन्ह म्हणून लग्नाच्या मांडवाला बांधतो, ती केळ स्वतः काय करते?

आपण जे केळं खातो त्यात बी नसतं. मधोमध जे बारीक काळे ठिपके दिसतात ती न धरलेल्या बियांची खूण. रानातल्या केळ्यात टणक बिया असतात. पण हजारो वर्षांपूर्वी कुठेतरी बिनबियांची झाडं निपजली आणि माणसाने तीच जपली. लागवडीच्या केळीत गुणसूत्रांचे बहुधा तीन संच असतात, दोन नव्हे, त्यामुळे बी धरतच नाही. म्हणजे फळ हे या केळीच्या वंशाचं साधनच नाही. तिचा भलामोठा घड वंशाच्या दृष्टीने शेवटचा मुक्काम आहे. घड दिलेला खांब मरतो आणि घडातून एकही रोप उगवत नाही. केळ पुढे चालते ती कंदाच्या कुशीतून निघालेल्या मुनव्यांनी, आणि एका परसातून दुसऱ्या परसात ते मुनवे नेणाऱ्या हातांनी. ती फळाने टिकली नाही. कोणीतरी जपली आणि कोणीतरी दिली म्हणून टिकली.

याची एक मोठी गोष्ट इतिहासात आहे. आपल्या मराठवाड्या-खानदेशात जी बसराई लावायचे आणि आता जी ग्रँड नैन लावतात, त्या दोन्ही कॅव्हेंडिश गटातल्या. कॅव्हेंडिश हे नाव इंग्लंडमधल्या डेव्हनशायरच्या ड्यूकच्या घराण्याचं. 1830 च्या सुमारास त्याच्या चॅट्सवर्थच्या बागेत जोसेफ पॅक्स्टन या माळ्याने मॉरिशसकडून आलेली केळ काचघरात लावली. बाहेर इंग्लंडची थंडी, आत ऊब. म्हणजे जगभर पसरलेलं हे नाव थंडीत आत जपलेल्या एका केळीमुळे पडलं! पाचेक वर्षं तिने फूल दाखवलं नाही. 1835 च्या नोव्हेंबरात ती फुलली, घड आला, पॅक्स्टनला बक्षीसही मिळालं. तो घड खाऊन संपला. पण तिचे मुनवे जॉन विल्यम्स नावाच्या मिशनऱ्याने 1838 मध्ये निघताना जहाजावर घेतले, ते सामोआत पोचले आणि तिथून इतर बेटांवर गेले. फळाची वाहवा झाली. पुढे गेले ते मुनवे.

एक सावधगिरी इथे घेतली पाहिजे. 'मग आम्ही वाटलेले मुनवे हीच आमची मुलं' असं म्हणून मी हा लेख गोड करणार नाही. तसं म्हटलं की पुन्हा फळाचाच हिशेब झाला, फक्त फळाचं नाव बदललं. मला एवढंच म्हणायचं आहे की एखाद्या आयुष्याचं सार्थक कशात आहे हे आपल्याला बाहेरून दिसत नाही. केळीसारखं ओळखीचं झाड, रोजच्या देव्हाऱ्यातलं, त्याच्याविषयीही आपला अंदाज चुकतो. मग माणसाविषयी किती चुकत असेल?

जुन्या ग्रंथांनी केळीचा खांब हा निःसारपणाचा दाखला म्हणून दिला आहे. सोपट सोलत जा, आत काहीच हाती लागत नाही. याज्ञवल्क्य स्मृतीत हा दृष्टांत आहे, बुद्धाच्या उपदेशातही आहे. दृष्टांत देहाच्या क्षणभंगुरतेचा आहे आणि त्या जागी तो अगदी खरा आहे. पण केळ थंडीतून जगवलेला माणूस त्याला एक पुस्ती जोडेल. खांब सोलून सार सापडत नाही, कारण सार खांबात नसतंच. ते खाली, मातीत असतं. उणे तापमानात वरचं सगळं गेलं तरी मे महिन्यात जे हिरवं टोक वर येतं, ते तिथून. दिसणाऱ्या भागावरून 'हे गेलं, हे वाया गेलं' असा निकाल देण्याची घाई करू नये. आपल्या सह्याद्रीच्या कड्यांवरची रानकेळ तर दर वर्षी उन्हाळ्यात पानं टाकून दिसेनाशी होते आणि पावसाळ्यात पुन्हा उभी राहते.

आणि समजा काहीच आलं नाही तर? फूल नाही, मुनवा नाही, तर? सतराव्या शतकात जपानमध्ये एक कवी होऊन गेला. 1681 मध्ये एका शिष्याने त्याच्या झोपडीपाशी केळ लावली. तिथल्या हवेत तिला खाण्याजोगं फळ येत नाही, वाऱ्याने पानं चिंध्या होतात, लाकूड म्हणून उपयोग शून्य. कवीला ती इतकी आवडली की त्याने तिचंच नाव स्वतःला घेतलं. जपानीत केळीला बाशो म्हणतात. जग आज त्याला बाशो म्हणूनच ओळखतं. ती उपयोगाची नाही हेच त्याला तिच्यात आवडायचं. आपल्याला हे विचित्र वाटेल. पण देवासमोर आपण सगळेच कितीसे उपयोगाचे आहोत? विश्व चालवायला त्याला आपली गरज नाही. तरी तो आपल्याला ऊन देतो, पाणी देतो, थंडीत आत घेतो. भक्तीचा पायाच हा आहे की किंमत उपयोगावरून ठरत नाही.

इथे आजचा दुसरा श्लोक येतो. नवव्या अध्यायात भगवंत सांगतात की पान, फूल, फळ, पाणी, जे कोणी भक्तीने देईल ते मी स्वीकारतो. हा श्लोक मी लहानपणापासून म्हणत आलो, पण क्रमाकडे लक्ष शिकागोत गेलं. पान पहिलं आहे. फळ तिसरं. आणि शेवटी पाणी, जे ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्याकडेही असतं. श्लोकाच्या वृत्तासाठी तो क्रम लागला असेलही, मी संस्कृतचा पंडित नाही. पण मला तो क्रम धीर देतो. फळ आणल्याशिवाय दारात येऊ नका, असं तिथे कुठेच म्हटलेलं नाही.

गणपती येतात ते ऑगस्ट-सप्टेंबरात. शिकागोत नेमकी तेव्हाच केळ भरात असते, आत न्यायला थोडेच दिवस उरलेले असतात. सहाही वर्षं गणपतीला ताजं पान मिळालं. दोन पानं कापायची, जास्त नाही, कारण पुढच्या हिवाळ्याची शिदोरी तिला त्याच पानांतून साठवायची असते. त्या पानावर वाढलेल्या नैवेद्यात काही उणं होतं असं मला कधी वाटलं नाही.

2023 मध्ये परत आलो. आता काम घरूनच करतो, अंबाजोगाईहून. निघताना मुनवे पाच घरांत दिले. त्यांतलं एक कुटुंब पुढे ह्यूस्टनला गेलं, केळ घेऊनच. तिथे थंडी सौम्य, केळ बाहेरच राहते. मागच्या वर्षी त्यांनी फोटो पाठवला, घडाचा. आईला दाखवला तर ती म्हणाली, "निसवली एकदाची!"

फोटो पाहून आम्ही आनंदलो हे खरं. पण लगेच मनात आलं, 'चला, सहा हिवाळ्यांचं चीज झालं.' आणि तिथेच मला थांबावंसं वाटलं. घड आला नसता तर चीज झालं नसतं का? त्या थंड रात्री तळघरात जाऊन कंद दाबून पाहणं, ते त्या क्षणी पूर्ण होतं. ह्यूस्टनच्या घडाने त्यात भर पडली नाही, आणि घड आला नसता तरी त्यातलं काही वजा झालं नसतं. घडाचा आनंद हा प्रसाद आहे. प्रसाद आनंदाने घ्यावा. त्याला मजुरी समजू नये.

तुमच्याही घरात अशी एखादी केळ असेल. अंथरुणाला खिळलेले वडील, जे आता बरे होणार नाहीत. एखादं मूल, ज्याला शाळेतले आकडे कधीच जमणार नाहीत. कोरडवाहू तुकडा, जो दर वर्षी पेरायचा आणि दर वर्षी आभाळाकडे पाहायचं. लोक विचारतील, याचा काय उपयोग? विचारणाऱ्यावर रागावू नका. आणि लोकांना पटेल असं उत्तर शोधण्यात कामाचा वेळही घालवू नका.

आजचा संकल्प दोन ओळींचा. फळाची खात्री नसलेलं एक काम आज घ्यायचं आणि ते रोजच्यापेक्षा थोडं जास्त नीट करायचं. आणि आज दिवसभरात कोणालाही, प्रेमाने सुद्धा, त्याच्या फळाविषयी विचारायचं नाही. विचारायचंच झालं तर पानाविषयी विचारावं.

उद्या श्लोक 48. राम कृष्ण हरी.